डॉ. कोटणीसांचं घर कसं पाहावं? पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

जपानी आक्रमणाच्या काळात चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे आणि तिथेच निधन पावलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर सोलापुरात भैय्या चौकाजवळ आहे. महापालिकेने ते जतन केलं आणि २०१२ पासून ते स्मारक म्हणून उभं आहे. शहरात नव्याने राहायला आलेली कुटुंबं, पाहुण्यांना गाव दाखवणारे सोलापूरकर, शाळेची सहल नेणारे शिक्षक अशा अनेकांकडून मी एकच सूर ऐकला आहे: "गेलो, फोटो बघितले, थोड्या वेळात बाहेर आलो." त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यात दोष घराचाही नाही.

पुढाऱ्यांची जी घरं आपण संग्रहालय म्हणून पाहतो, तिथे बहुधा माणूस आणि त्याचं काम एकाच छताखाली असतं. पुण्याच्या केसरीवाड्यात टिळक राहिले आणि 'केसरी'ही तिथूनच निघाला. मुंबईच्या मणिभवनात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुक्कामाला असत आणि चळवळीचे निर्णयही तिथे झाले. अशा ठिकाणी टेबल दाखवलं की काम दिसतं. कोटणीसांचं तसं नाही. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं, त्यातलं काहीही या घरात घडलं नाही. ते चीनच्या डोंगराळ मुलखात, चालत्या लढाईत झालं आणि तो माणूस परत आलाच नाही. म्हणून हे घर पाहायला जाताना अर्धी गोष्ट आपण बरोबर घेऊन जावी लागते. ती कशी न्यायची, ते खाली क्रमाने सांगते आहे.

आदल्या दिवशी: एका पानावर सनावळी

एक कोरा कागद घ्या आणि पुढच्या तारखा स्वतःच्या हाताने लिहून काढा. मोबाइलमध्ये साठवून भागत नाही, कारण स्मारकात उभं राहून आपण पडद्यात बघत बसतो आणि भिंतीवरचं राहून जातं.

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. घर मध्यमवर्गीय, दोन भाऊ, पाच बहिणी. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू असताना १९३८ साल उजाडलं. जपानने आदल्याच वर्षी चीनवर मोठं आक्रमण केलं होतं. चिनी सेनानी जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं.

ही पाच नावं पानावर वेगळी, ठळक लिहा: पथकप्रमुख डॉ. अटल (अलाहाबाद), डॉ. चोळकर (नागपूर), डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी (दोघेही कलकत्ता) आणि आपले डॉ. कोटणीस. अटल त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णसेवा करून आले होते, म्हणजे युद्धभूमीचा अनुभव असलेला माणूस पथकाच्या डोक्यावर होता. कोटणीस त्या वेळी २७ वर्षांचे होते.

पुढे: १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने प्रयाण. हाँगकाँगमार्गे कँटन, तिथून हान्कौ, मग चुंगकिंग. फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान. तिथे माओ त्से तुंग आणि चू तेह यांनी पथकाचं स्वागत केलं. चोळकर आणि मुखर्जी लवकर परतले, प्रकृतीमुळे अटलही परतले. बसू येनानला राहिले. कोटणीस १९३९ च्या अखेरीस उत्तरेकडे आघाडीवर गेले. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी ७२ तासांपर्यंत सलग, न झोपता शस्त्रक्रिया केल्या, ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी लग्न, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा यिनहुआ. ९ डिसेंबर १९४२ रोजी निधन. वय ३२.

हे रुग्णालय ज्यांच्या नावाचं, ते नॉर्मन बेथून कॅनडाचे शल्यचिकित्सक. तेही त्याच मुलखात जखमी सैनिकांवर उपचार करत होते आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने गेले. चीनमध्ये या दोघांची नावं जोडीने घेतली जातात. बेथून कोण हे माहीत नसेल, तर स्मारकातला निम्मा संदर्भ हातातून निसटतो. म्हणून त्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवाच.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण लोक ती हमखास चुकीची सांगतात. डॉक्टर गोळी लागून गेले नाहीत. त्यांना अपस्माराचे झटके येत होते. अतिश्रम, अपुरं अन्न, कडाक्याची थंडी या सगळ्यांत आजार बळावला आणि त्यातच ते गेले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि देशभर त्यांचं नाव त्यामुळेच पोचलं, हे त्या चित्रपटाचं मोठं श्रेय. पण चित्रपट पाहून जाणार असाल तर त्यातली गाणी आणि प्रसंग घटना म्हणून मनात नोंदवू नका. आधी पान, मग चित्रपट, हा क्रम बरा.

दिवस आणि वेळ ठरवणं

स्मारक महापालिकेचं आहे. सरकारी सुट्ट्या, निवडणुकीची कामं, डागडुजी यांमुळे वेळापत्रक हलू शकतं. उघडं आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्या. चार-पाच जण असाल तर तेवढं पुरे. शाळेची सहल किंवा मोठा गट असेल तर आठवडाभर आधी लेखी पत्र द्या: मुलांची संख्या, इयत्ता, येण्याची वेळ, बरोबरच्या शिक्षकांचा संपर्क. पत्राची एक प्रत शिक्का मारून परत घ्या आणि त्या दिवशी ती खिशात असू द्या.

१० ऑक्टोबरला जयंती आणि ९ डिसेंबरला पुण्यतिथी. या दोन दिवशी हार-फुलं, भाषणं, पाहुणे अशी वर्दळ असू शकते. जाणकार माणसं एकत्र भेटावीत असं वाटत असेल तर तेच दिवस निवडा. शांतपणे पाहायचं असेल तर ते टाळा आणि आठवड्यातला मधला दिवस धरा.

उन्हाळ्याबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं! पण बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगा: मार्च ते मे या काळात सकाळी दहाच्या आत निघा किंवा ऊन उतरल्यावर. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा शहरातले कितीतरी रस्ते वळवलेले असतात. यात्रेसाठी आलात तर स्मारकासाठी वेगळा दिवस ठेवा. एकाच दिवसात दोन्ही उरकायला गेलं की दोन्हीचा विचका होतो.

पोहोचणं

रिक्षावाल्याला "कोटणीस स्मारक" सांगा. चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसलं तर "भैय्या चौक" म्हणा, तो सगळ्यांना ठाऊक. रेल्वे स्टेशनपासून हे अंतर फार नाही, भाडं बसण्याआधी ठरवा. चौकात उतरल्यावर पत्ता विचारायला पानटपरी किंवा किराणा दुकान बरं. "मालक, डॉक्टर कोटणीसांचं घर कुठलं?" एवढं विचारलं की माणूस हातातलं काम सोडून रस्ता दाखवतो. ही सोलापूरची रीत आहे. "मालक" या हाकेने इथे निम्मं काम होतं.

गाडी घेऊन येत असाल तर चौकातल्या दुकानांसमोर ती आडवी लावू नका. आजूबाजूला वस्ती आहे, लोकांची रोजची ये-जा आहे.

पिशवीत काय

पाण्याची बाटली, पेन्सिल, लहान वही, चाळिशीचा चष्मा. चष्म्याचं मुद्दाम लिहिते आहे. संग्रहालयांतले मजकूर बारीक अक्षरात असतात आणि घरातली ज्येष्ठ मंडळी चष्मा विसरली की नुसती चित्रं बघून बाकड्यावर बसतात. पेन्सिल यासाठी की जुन्या वस्तूंच्या जवळ शाईचा पेन नेऊ नये.

आणि एक नकाशा. आशिया खंडाचा, छापलेला, घडी घालता येईल असा. शालेय वस्तू विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो. त्यावर सोलापूर, मुंबई, हाँगकाँग, कँटन, हान्कौ, चुंगकिंग, येनान ही ठिकाणं आदल्या दिवशी खुणा करून ठेवा. नावांचा घोळ होईल, म्हणून आताची नावंही लिहा: कँटन म्हणजे ग्वांगचौ, हान्कौ आताच्या वुहानमध्ये, चुंगकिंग म्हणजे छोंगछिंग, येनान म्हणजे यान'आन. जुन्या मराठी पुस्तकांत एक नाव, नव्या फलकावर दुसरं, इंटरनेटवर तिसरं असं होतं आणि वाचणाऱ्याला ती वेगवेगळी गावं वाटतात. कोटणीसांचंही असंच. चीनमध्ये त्यांना ख दिहुआ म्हणून ओळखतात. चिनी पाहुण्यांच्या तोंडी किंवा तिकडच्या लेखनात हे नाव आलं तर तेच आपले डॉक्टर.

माझ्या मते साऱ्या पिशवीत हा नकाशा सर्वांत मोलाचा. घराच्या एका खोलीत उभं राहून तो उघडला की अंतर डोळ्यांना कळतं.

दारातून आत

पादत्राणं कुठे काढायची ते दारातच विचारा. नोंदवही असेल तर नाव-गाव नीट अक्षरात लिहा. किती लोक येतात याचा हिशेब अशा वह्यांवरूनच लागतो आणि देखभालीची मागणी करताना तो कामी येतो. फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी. मिळाली तरी फ्लॅश बंद. जुन्या कागदाला आणि छायाचित्रांना प्रखर प्रकाश सोसत नाही.

पहिली फेरी काही न वाचता मारा. खरंच. फलकाकडे पाठ करून आधी घर पाहा. इथे एक मूल वाढलं, आठ भावंडांच्या गलबल्यात. त्या डोळ्याने बघायचं. भिंत किती जाड आहे? दार किती ठेंगणं आहे? उजेड कुठून येतो? कोनाडे, देवळ्या कुठे आहेत? वर पाहा: तुळया आणि कडीपाट जुने की नव्याने बसवलेले? सोलापूर भागातली जुनी घरं माळवदाची. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून ही रचना. गाव नवीन असेल तर शेजारच्या एखाद्या जुन्या वाड्याकडेही येता-जाता नजर टाका, म्हणजे तुलना होईल. कुठल्याही जतन केलेल्या घरात काही भाग मूळचा असतो, काही दुरुस्तीत आलेला. दोन्हींतला फरक ओळखायचा प्रयत्न करा आणि शंका आली तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. त्यात संकोच कसला?

दुसऱ्या फेरीला वाचायला लागा. आता पानावरची सनावळ हातात घ्या.

छायाचित्रं वाचायची कशी

इथे गोष्ट मुख्यतः छायाचित्रांतून पुढे सरकते आणि छायाचित्रासमोरून आपण फार भराभर जातो. प्रत्येकासमोर दोन मिनिटं थांबणं शक्य नसेल तर निदान तीन फोटो निवडा आणि त्यांना वेळ द्या.

पथकाचं एकत्रित छायाचित्र दिसलं तर पाचही चेहरे ओळखण्याचा प्रयत्न करा. खालचं नावांचं टिपण आधी वाचू नका. कोण वयाने मोठा दिसतो, कोण कॅमेऱ्याकडे बघत नाही, कपडे कुठले, मागे काय आहे? मग टिपण वाचा. पाच जण गेले, त्यांतला एकच परतला नाही हे तोपर्यंत तुम्हाला माहीत असतं आणि मग त्या रांगेतल्या तरुण चेहऱ्यावरून नजर हलत नाही.

चीनमधल्या फोटोंत अंगावरचा वेश पाहा. मुंबईत सुटाबुटात असलेला डॉक्टर तिकडे जाड सुती, आत कापूस भरलेल्या सैनिकी कपड्यांत दिसतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेला माणूस उत्तर चीनच्या थंडीत गोठणाऱ्या डोंगरांत राहिला. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत हे मावत नाही, पण कोटाच्या जाडीवरून ते लक्षात येतं.

पत्नी आणि बाळाबरोबरचं छायाचित्र पाहायला मिळालं तर त्याची तारीख बघा. मुलगा ऑगस्ट १९४२ चा, वडील डिसेंबरात गेले. म्हणजे त्या तिघांना एकत्र मिळालेले महिने चारसुद्धा पुरते नाहीत. यिनहुआ पुढे वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये ऐन तारुण्यात गेला. कुओ चिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या, भारतात अनेकदा येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. ज्या वर्षी सोलापुरात हे स्मारक उभं राहिलं, त्याच वर्षी.

वडिलांच्या फोटोपाशीही थांबा. ते गेल्याची बातमी डॉक्टरांना चीनमध्येच कळली. परत जाण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला होता, तरी ते थांबले. हे घर पाहताना मला सर्वांत जड जातं ते हेच. इथे वाट पाहणारी आई आणि भावंडं होती. त्यांच्या बाजूने ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही, पण घर त्यांचंही आहे. बहिणींनी भावाची आठवण कित्येक दशकं सांभाळली आणि चीनचे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले.

मुलांना नेताना

पाचवीच्या खालच्या मुलांना आत अर्धा तास पुरे. त्यांना सनावळ्या सांगत बसू नका. तीनच शोध द्या: पाच डॉक्टर एकत्र कुठे दिसतात, थंडीचे कपडे कुठल्या फोटोत आहेत आणि घरातली सर्वांत जुनी वाटणारी वस्तू कोणती. सापडलं की वहीत चित्र काढायचं. बस्स.

आठवी-नववीच्या मुलांसाठी मी नेहमी वयाचा खेळ सुचवते. घटना सांगायची आणि डॉक्टरांचं वय काढायला लावायचं. मे १९३०, सोलापुरात जनता रस्त्यावर उतरली आणि इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा वय? १९. जानेवारी १९३१, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी, तेव्हा? २०. मग मुलांनाच विचारा: ज्याचं गाव या वयात असं पेटलेलं होतं, त्याला परक्या देशावरचं आक्रमण परकं का वाटलं नसेल? उत्तर तुम्ही देऊ नका. मुलं बोलतील तेवढं बोलू द्या.

सोलापूरच्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. डॉक्टरांनी तिकडे जाऊन चिनी भाषा शिकली, रुग्णांशी त्याच भाषेत बोलले, विद्यार्थ्यांना शिकवलं आणि शल्यक्रियेवर पाठ्यपुस्तकही लिहिलं. हे या मुलांना इतर कुणाहून लवकर समजतं, म्हणून ते सांगायला विसरू नका.

शिक्षकांना एक विनंती. "निबंध लिहून आणा" हे घराच्या दारातच जाहीर केलंत, तर मुलं आत फक्त फलक उतरवत बसतात. लिहायला लावायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, वर्गात आणि आठवणीतून.

कुणी राजकारणाचं विचारलं तर

कुणीतरी विचारतंच. गटातला एखादा काका, एखादी चुणचुणीत मुलगी: "पण ते कम्युनिस्टांच्या सैन्यात होते ना? आणि चीनने १९६२ मध्ये आपल्यावरच हल्ला केला ना?" या प्रश्नाला बगल देणारे मार्गदर्शक मला आवडत नाहीत. खरं आहे ते सांगावं.

कोटणीस चिनी आठव्या मार्ग सेनेबरोबर काम करत होते. ही कम्युनिस्ट नेतृत्वाखालची सेना, पण त्या वेळी ती जपानी आक्रमणाविरुद्ध लढत होती. जुलै १९४२ मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले, हेही खरं. त्यांना पाठवलं होतं काँग्रेसने, नेहरू आणि बोस यांच्या पुढाकाराने. भारत स्वतःच गुलामीत होता आणि तरी दुसऱ्या आक्रमित देशाला डॉक्टर पाठवत होता, ही त्या निर्णयामागची राजकीय दृष्टी. ते गेले तेव्हा माओंनी शोकसंदेशात सैन्याचा मदतीचा हात आणि राष्ट्राचा मित्र गेल्याचं म्हटलं. १९६२ चं युद्ध त्यानंतर वीस वर्षांनी झालं, दोन वेगळ्या सरकारांच्या निर्णयांतून. त्या युद्धाचं दुःख मोठं आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांना ते पोळून गेलं आहे. पण १९४० साली शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या जखमी माणसाकडे पाहणाऱ्या डॉक्टरला त्याचा जाब कसा विचारणार?

एवढं सांगून थांबा. ऐकणाऱ्याचं मत वेगळं असेल तर असू द्या. पण अर्धवट माहिती देऊन त्याला घरी पाठवू नका. चीनने १९८२ साली त्यांच्यावर तिकिटं काढली, भारताने १९९३ साली. शिजियाच्वांगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आणि पुतळा आहे, तिथे आजही लोक फुलं वाहतात. दोन्ही देशांतले संबंध ताणले गेले तरी हे नाव दोन्हीकडे टिकलं, हे तुमच्या ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे.

निघण्याआधी

अभिप्राय वहीत "छान", "अप्रतिम" असं लिहू नका. नेमकं लिहा: अमुक फलकावरचं अक्षर वाचता येत नाही, अमुक खोलीत उजेड कमी आहे, नकाशा लावला तर बरं होईल, चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा. जागा सांभाळणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोला. रोज तिथे असणाऱ्याला कुठल्या देशाचे पाहुणे आले, त्यांनी काय विचारलं, हे तोंडपाठ असतं. त्या गप्पा कुठल्याच फलकावर सापडत नाहीत.

वेळ उरला तर तिथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जा. १९३० च्या सोलापूरचा संदर्भ तिथे पुरा होतो आणि मुलांनी खेळात काढलेली वयं पुन्हा आठवतात. भुईकोट किल्लाही पुढे जोडता येईल, पण लहान मुलं बरोबर असतील तर तो दुसऱ्या दिवसावर टाका.

घरं पाहण्याची गोडी लागली तर पुढचा प्रवास सोपा आहे. सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या एका गाडीचं नावच हुतात्मा एक्सप्रेस. सकाळी निघालं की दिवसभरात केसरीवाडा पाहून रात्री परत येता येतं. टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाडांकडून घेतलेल्या या वाड्यात त्यांचं लिहिण्याचं मेज, पत्रं आणि मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीत फडकवलेला ध्वज आहे. कराडला यशवंतराव चव्हाणांचं 'विरंगुळा' आहे. तिथे जाणार असाल तर आधी प्रीतिसंगमावरची त्यांची समाधी पाहा आणि मग घराकडे वळा. दोन्ही ठिकाणी पद्धत तीच: आदल्या दिवशी पान, पहिली फेरी न वाचता, दुसरी सावकाश. फरक एवढाच की तिथे नकाशाचं काम कमी पडतं.

शेवटचं, जुन्या सोलापूरकरांसाठी. तुमच्या ट्रंकेत आजोबांच्या काळचं काही असेल, १९३० चं एखादं वर्तमानपत्र, गिरणीतलं ओळखपत्र, कोटणीस कुटुंबाच्या ओळखीतला एखादा फोटो किंवा पत्र, तर ते लॅमिनेट करू नका आणि सेलोटेपने जोडूही नका. दोन्हींनी कागद कायमचा जातो. घडी उलगडून स्वच्छ पांढऱ्या कागदात ठेवा. मागच्या बाजूला काही न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहा: फोटोत कोण, अंदाजे साल, तुमच्याकडे कसा आला. मग स्मारकात किंवा महापालिकेत चौकशी करा. वस्तू देण्याआधी तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि देताना लेखी पोच घ्या. त्यावर वस्तूचं वर्णन, तारीख आणि ती कायमची दिली की प्रदर्शनापुरती, हे स्पष्ट लिहून घ्या. मूळ वस्तू द्यायची नसेल तर नक्कल दिली तरी चालते, पण चिठ्ठीवरची माहिती मात्र पूर्ण द्या.